रोमन नाणं, त्याची जुनी नक्कल आणि आजची बनावट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाण्यावर माणसाचं डोकं आहे आणि भोवती परकी अक्षरं. मग ते रोमन असणार ना?

महाराष्ट्रात मिळालेलं असेल, तर बहुतेक वेळा नसतं. आपल्याकडे ‘रोमन’ म्हणून दाखवल्या जाणाऱ्या चांदीच्या नाण्यांत पश्चिमी क्षत्रपांची, म्हणजे पश्चिम भारतावर राज्य केलेल्या शक राजांची, नाणी सर्वात जास्त. त्यांच्यातल्या नहपान राजाचं नाणं हातात घेतलं तर उजवीकडे पाहणारा चेहरा आणि भोवती ग्रीक वळणाची अक्षरं दिसतात. पाहणारा तिथंच फसतो. नाणं उलटवा. मागं बाण आणि वज्र असेल आणि बाजूला ब्राह्मी व खरोष्ठी लेख असेल, तर ते नहपानाचं. मागं तीन कमानींचा डोंगर, म्हणजे चैत्य, आणि वर चंद्रकोर असेल तर नंतरच्या क्षत्रपांचं. सातवाहनांनीही चेहऱ्याची चांदीची नाणी पाडली, पण त्यांच्यावर लेख ब्राह्मीत असतो.

वजनावरूनही लगेच फरक कळतो. क्षत्रपांचं नाणं साधारण २ ते २.३ ग्रॅमचं, ऑगस्टस किंवा टायबेरिअस या रोमन सम्राटांचा देनारियस, म्हणजे चांदीचं नाणं, ३.६ ते ३.९ ग्रॅमचा. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपानाच्या तेरा हजारांहून जास्त नाण्यांचा साठा मिळाला. त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला आहे. अशा नाण्यावर चेहऱ्याच्या गालावरच डोंगर उमटलेला दिसतो आणि नवखा माणूस पार गोंधळून जातो. ते रोमन नाही, पण आपल्या इतिहासाच्या दृष्टीनं रोमनपेक्षा कमी मोलाचंही नाही.

आजीच्या पुतळ्यांच्या माळेतली नाणी रोमन आहेत का?

नाहीत. पुतळीचं मूळ व्हेनिसच्या डुकाटमध्ये आहे. हे सोन्याचं नाणं १२८४ पासून १७९७ मध्ये ते प्रजासत्ताक बुडेपर्यंत जवळपास एकाच छापाचं निघत राहिलं. वजन साडेतीन ग्रॅम आणि सोनं अगदी चोख, म्हणून ते भारतभर चाललं आणि सोनारांनी त्याच्या भरपूर नकला केल्या. पुतळीवरच्या दोन आकृतींत उभा आहे तो संत मार्क, आणि त्याच्यासमोर गुडघे टेकून ध्वज धरणारा तो व्हेनिसचा सत्ताधीश, ज्याला डोज म्हणत. मागच्या बाजूला लंबगोलात ताऱ्यांमध्ये येशू उभा असतो.

नक्कल ओळखायची तर आकृत्या सोडून अक्षरं पाहा. अस्सल डुकाटवर ती बारीक पण वाचता येतील अशी असतात. नकलेत त्यांच्या जागी उभ्या रेघा आणि ठिपके उरतात, कारण ठसा कोरणाऱ्याला ती लिपी वाचताच येत नव्हती. ही खूण लक्षात ठेवा. दीड हजार वर्षं आधी रोमन नाण्यांची नक्कल करणाऱ्यांच्या हातूनही हेच झालं होतं.

‘नक्कल’ आणि ‘बनावट’ यांत फरक काय? शेवटी दोन्ही खोटीच ना?

इथं गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं. चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि चारही वेगवेगळ्या कारणांसाठी तयार झाल्या.

पहिली, त्या काळची स्थानिक नक्कल. दख्खनमध्ये आणि दक्षिणेत ऑगस्टस, टायबेरिअस, पुढं अँटोनायनस पायस, सेप्टिमिअस सेव्हेरस या सम्राटांच्या नाण्यांवरून इथल्या कारागिरांनी नाणी पाडली. सोन्याच्या नकलांत सोनं बऱ्याचदा चांगल्या कसाचं आणि वजन भरपूर असतं. म्हणजे फसवणूक हा हेतू दिसत नाही. दागिना किंवा धनाचा साठा म्हणूनच ती वापरली गेली असावीत. रोमन साम्राज्याच्या सीमेवरही हे घडलं. इ.स. ४३ मध्ये ब्रिटन जिंकल्यावर सैन्याला सुटे पैसे कमी पडले, तेव्हा तिथं सम्राट क्लॉडिअसची तांब्याची नाणी स्थानिक पातळीवर पाडली गेली. २७० च्या दशकात गॉल (आजचा फ्रान्स) आणि ब्रिटनमध्ये तिथला शासक टेट्रिकस याच्या नाण्यांच्या इवल्याशा, ओबडधोबड नकला ढिगानं निघाल्या.

दुसरी, त्या काळची खरीखुरी खोटी नाणी. आत तांबं, वर चांदीचा पत्रा. ‘फुरे’ हे त्यांचं रूढ नाव. ही मात्र फसवायलाच केलेली.

तिसरी, प्रबोधनकाळापासून विद्वानांसाठी आणि हौशींसाठी केलेल्या प्रती. सोळाव्या शतकात इटलीतल्या पादुआचा जोव्हानी दा काव्हिनो सेस्टर्शिअस या मोठ्या रोमन पितळी नाण्याच्या धर्तीवर सुंदर पदकं करायचा. त्या वळणाच्या सगळ्या प्रतींना आज ‘पादुअन’ म्हणतात आणि त्यांनाही स्वतःची किंमत आहे. त्यानंतरचा जर्मनीचा कार्ल व्हिल्हेल्म बेकर (१७७२–१८३०) मात्र सरळसरळ विकायलाच बनवत होता. ठसे स्वतः कोरायचा. नवी नाणी जुनी दिसावीत म्हणून लोखंडाचा कीस आणि चरबी भरलेल्या पेटीत घालून ती पेटी घोडागाडीला बांधून फिरवायचा, असं सांगतात.

चौथी, आजची बनावट.

पहिल्या दोन प्रकारांना पुराव्याचं मोल आहे. मराठवाड्यातल्या तेर गावी किंवा तेलंगणात मिळालेली नक्कल ‘खोटी’ म्हणून वितळवणं म्हणजे इतिहास मुशीत घालणं.

हातात नाणं आलं. सुरुवात कुठून करू?

बहुतेक लोक आधी ‘हा कोणता राजा?’ म्हणून चेहऱ्याकडे बघतात. हा प्रश्न शेवटी ठेवा. चेहऱ्याची नक्कल कुणीही करू शकतो, कडेची आणि वजनाची फार थोड्यांना जमते. आमचा क्रम असा:

वजन करा. काटा ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा हवा. व्हर्नियर कॅलिपरनं व्यास दोन ठिकाणी मोजा, कारण जुनी नाणी क्वचितच पूर्ण गोल असतात. मग दहापट भिंगानं कड पूर्ण फिरवून बघा. त्यानंतर सपाट पृष्ठभाग, मग अक्षरं, मग मागची बाजू, आणि शेवटी चेहरा. नाणं नेहमी कडेनं धरा, खाली मऊ कापड ठेवा.

चुंबकही लावून बघा. सोनं, चांदी, तांबं, पितळ यांपैकी काहीच चुंबकाला चिकटत नाही. नाणं टपकन चिकटलं तर पुढचे कष्ट वाचले. पण चिकटलं नाही म्हणून ते अस्सल ठरत नाही, शिसं आणि जस्तही चिकटत नाहीत.

नाणं फरशीवर टाकून ‘खणखणीत वाजतं का’ ते मात्र बघू नका. आपल्या बोलण्यात नाणं खणखणीत असणं म्हणजे खरेपणा, पण दोन हजार वर्षं जमिनीत राहिलेली चांदी आतून स्फटिकासारखी ठिसूळ होते. अस्सल नाणं बद्द आवाज करतं, कधी दोन तुकडे होतात. सराफाच्या कसोटीवर घासणंही नको. एक ओरखडा आणि किंमत निम्मी.

कोणत्या नाण्याचं वजन किती असायला हवं?

आपल्याकडे भेटण्याची शक्यता असलेल्यांपुरतं सांगतो.

देनारियस (चांदी): ऑगस्टसच्या काळात एका रोमन पौंडातून ८४ निघत, म्हणजे प्रत्येकी सुमारे ३.९ ग्रॅम. नीरोनं इ.स. ६४ मध्ये पौंडाला ९६ केले, वजन ३.४ ग्रॅमच्या आसपास आलं आणि चांदीचा कसही उतरला. सेप्टिमिअस सेव्हेरसच्या वेळी निम्म्याच्या आसपास चांदी उरली होती. व्यास १७ ते १९ मिलिमीटर.

ऑरिअस (सोनं): ऑगस्टसचा ७.८ ग्रॅम, नीरोच्या बदलानंतर ७.३, काराकालानं पौंडाला ५० केल्यावर ६.५. पुढं कॉन्स्टंटाइननं आणलेला सॉलिडस पौंडाला ७२, म्हणजे साडेचार ग्रॅम.

सेस्टर्शिअस (पितळ): २५ ते २८ ग्रॅम, ३२ मिलिमीटरच्या वर. तळहातावर चांगला वजनदार लागतो.

अँटोनिनियानस: काराकालानं २१५ मध्ये काढलेलं, किरणांचा मुकुट असलेलं नाणं. सुरुवातीला ५ ग्रॅम चांदी, पन्नास वर्षांत चांदीचा नुसता वर्ख उरलेलं तांबं.

चौथ्या-पाचव्या शतकातली बारकी तांब्याची नाणी: १ ते ३ ग्रॅम. तमिळनाडूत आणि श्रीलंकेत ही मुबलक मिळतात, बहुतेक झिजून गुळगुळीत झालेली.

झीज, गंज, छाटलेली कड यांनी वजन उतरतं, त्यामुळं पाच-सात टक्के कमी भरलं तर घाबरायचं कारण नाही. ऑगस्टसचा देनारियस २.९ ग्रॅमचा निघाला तर मात्र आत तांबं आहे असं धरूनच पुढं जा. आणि ४.४ ग्रॅमचा निघाला तर आणखी सावध व्हा, कारण नाणं झिजून जड होत नाही.

भारतात नेमकी कोणती रोमन नाणी सापडतात?

चांदीत दोन छाप इतके जास्त आहेत की ते पाठच करून ठेवावेत. दोन्ही गॉलमधल्या लुग्दुनुमच्या, म्हणजे आजच्या लियोंच्या, टांकसाळीतले.

ऑगस्टसचा छाप: पुढं पानांची माळ घातलेलं डोकं. मागं दोन तरुण उभे. ते त्याचे दत्तक मुलगे, गायस आणि लुसिअस. दोघांच्या मध्ये दोन ढाली आणि दोन भाले, आणि वरच्या मोकळ्या जागेत पूजेची दोन साधनं: एक पळी आणि एक वळलेली काठी. तळाशी ‘सी’, ‘एल’ आणि ‘सीझरेस’ अशी अक्षरं. इ.स.पू. २ पासून हा छाप निघाला.

टायबेरिअसचा छाप: पुढं त्याचं डोकं आणि ‘टीआय सीझर डिव्ही एव्हीजी एफ ऑगस्टस’ हा लेख. अर्थ: टायबेरिअस सीझर, देवपदाला गेलेल्या ऑगस्टसचा पुत्र, ऑगस्टस. मागं उजवीकडे तोंड करून खुर्चीत बसलेली स्त्री, एका हातात राजदंड, दुसऱ्यात फांदी, आणि ‘पाँटिफ मॅक्सिम’, म्हणजे महापुजारी. खुर्चीचे पाय कधी साधे, कधी नक्षीदार, आणि पायांखालच्या रेघा एक, दोन किंवा तीन. या बारकाव्यांवरून पोटप्रकार ठरतात.

तेलंगणातल्या अक्कनपल्लीच्या साठ्यात असे दीड हजारांवर देनारियस होते. तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईला १८९८ मध्ये मिळालेल्या साठ्यात ५०१ सोन्याची नाणी होती. त्यात सर्वात उशिराची सम्राट वेस्पासियनची.

इ.स. ६४ नंतरचा देनारियस भारतात विरळ मिळतो. नीरोनं कस उतरवला आणि इथल्या व्यापाऱ्यांनी जुनं, चोख नाणंच पसंत केलं, हा सर्वसाधारण उलगडा. म्हणून कुणी हेड्रियनचा चकचकीत देनारियस दाखवून ‘आमच्या शेतात नांगरताना मिळाला’ म्हणालं, तर नाणं कदाचित खरं असेल, पण गोष्टीबद्दल शंका घ्या. असे देनारियस युरोपातून विकत येतात आणि इथं त्यांना शेत चिकटतं.

महाराष्ट्रात रोमन व्यापार होता, मग चांदीच्या नाण्यांचे मोठे साठे दक्षिणेतच का?

इ.स. पहिल्या शतकातला ग्रीक दर्यावर्दी-वृत्तांत पैठण आणि तेर (त्यात ‘तगर’) यांची नावं घेतो, पैठण भडोचपासून वीस दिवसांच्या वाटेवर असल्याचं सांगतो. भडोचला रोमन सोन्याचांदीची नाणी आणली की स्थानिक चलनाशी बदलताना नफा होतो, असंही त्यात आहे. म्हणजे नाणी येत होतीच. पण पश्चिमेकडे क्षत्रपांचं स्वतःचं चांदीचं चलन होतं, आणि आलेली रोमन चांदी वितळवून त्यात गेली असावी, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. दक्षिणेत तसं जोरकस स्थानिक चांदीचं चलन नसल्यानं तिथं नाणी आली तशीच पुरून राहिली.

तेरला मात्र दुसरीच गंमत मिळते: मातीच्या चकत्यांवर उठवलेले रोमन नाण्यांचे ठसे. तेलंगणातल्या कोंडापूरलाही त्या मिळाल्या आहेत. टायबेरिअसच्या नाण्याची पुढची बाजू मातीत दाबून घेतलेली, वर ओवायला नाकं. बहुधा गळ्यात घालायच्या. ज्याला सोन्याची नक्कल परवडत नसे, त्यानं मातीची घातली.

भारतीय नक्कल डोळ्यांनी कशी ओळखायची?

अक्षरांपासून सुरुवात करा. मूळ नाण्यावर ‘यू’च्या जागी ‘व्ही’ असतो. ऑगस्टसच्या नावात तो दोन-तीनदा येतो. नकलेत हे ‘व्ही’ उलटे होतात, ‘एस’ आरशातल्यासारखा फिरतो, ‘आर’ आणि ‘पी’ यांचं पोट सुटून नुसती काठी उरते. पायरीपायरीनं घसरण दिसते: आधी एखादं अक्षर चुकतं, मग शब्द तुटतो, मग सगळा लेख काठ्या आणि गोलांची रांग होतो. ठसा कोरणारा मूळ नाणं समोर ठेवून सरळ कोरत गेला, तर पाडलेल्या नाण्यावर सगळा लेख उलटाच उमटतो.

मग चेहरा. रोमन कोरक्याच्या टायबेरिअसचं नाक टोकदार, हनुवटी लहान, मानेचे स्नायू जाणवतात. नकलेत डोळा बदामासारखा मोठा होतो, केस समांतर रेघांचे, माळेची पानं टिंबांची. मागच्या बाजूला खुर्ची सगळ्यात आधी बिघडते. पाय कुठं, बैठक कुठं, कळेनासं होतं, आणि बसलेली बाई हवेत तरंगते. गायस-लुसिअसच्या छापात ढाली गोल ठिपके होऊन बसतात.

एका राजाची पुढची बाजू आणि दुसऱ्याची मागची, असा मेळ दिसला तर तीही मोठी खूण. सोन्याच्या नकलांना बऱ्याचदा डोक्याच्या वर शेजारीशेजारी दोन भोकं असतात. एकच भोक असतं तर दोऱ्यात नाणं गिरकी घेतं. दोन असली की चेहरा समोरच राहतो. भोकं बहुतेक वेळा चेहरा सरळ राहील अशीच पाडलेली असतात, म्हणजे घालणाऱ्याला तो चेहरा दिसायला हवा होता.

पण सावधान: भोक आहे म्हणून नक्कल, असं नाही. अस्सल ऑरिअसलाही भोकं पाडली आहेत.

चेहऱ्यावर छिन्नीचा घाव आहे. कुणी खोडसाळपणा केला का?

खोडसाळपणा असेलच तर दोन हजार वर्षांपूर्वीचा. पुदुक्कोट्टईच्या बहुतेक सोन्याच्या नाण्यांवर राजाच्या डोक्यावर आडवा घाव आहे, अक्कनपल्लीच्या चांदीच्या नाण्यांतही असे घाव आणि बारीक पंच आहेत. आत तांबं आहे का ते बघायला, असं चांदीबाबत म्हणता येतं. पण सोन्याच्या एवढ्या नाण्यांवर नेमका चेहऱ्यावरच घाव का, याचं उत्तर ‘पारख’ एवढंच पुरत नाही. परक्या राजाचं चलन म्हणून ते रद्द करून फक्त धातू म्हणून वापरायचं, हे स्पष्टीकरण जास्त पटतं. यावर एकमत नाही.

तुमच्यासाठी कामाची गोष्ट: जुन्या घावाच्या आतली चांदी किंवा सोनं बाकी पृष्ठभागासारखंच काळवंडलेलं, झिजलेलं असतं. घावाच्या आत लखलखीत धातू दिसला तर तो घाव अलीकडचा.

मुलाम्याचं नाणं (फुरे) कसं पकडायचं?

कड, नाकाचं टोक आणि गालफड. जिथं झीज आधी होते, तिथं चांदीचा पत्रा फाटून तपकिरी किंवा हिरवं तांबं डोकावतं. कधी पत्र्याखाली गंज फुगून फोड आलेला दिसतो. वजन २.७ ते ३.२ ग्रॅम. छाप अस्सल ठशासारखा उत्तम असू शकतो, त्यामुळं नक्षीवर विसंबू नका.

तांबं कुठंच उघडं नसेल तर घनता मोजा. पाण्याचं भांडं काट्यावर ठेवून काटा शून्य करा. नाणं बारीक नायलॉनच्या धाग्यानं बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल, त्यानं नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा.

उदाहरण: कोरडं वजन ३.७२, पाण्यातला आकडा ०.३६. भागाकार १०.३३. शुद्ध चांदी १०.४९, त्यामुळं हे पहिल्या शतकातल्या चांगल्या चांदीला धरून आहे. दुसरं: ३.०५ ला ०.३३ नं भागलं तर ९.२४. तांबं ८.९६ असल्यानं इथं आत तांबं नक्की.

यात लोक दोन ठिकाणी चुकतात. एक, नाण्याला हवेचा बुडबुडा चिकटतो, आकडा वाढतो आणि चांगली चांदीही हिणकस निघते. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका आणि नाणं हलवून मग वाचा. दोन, काट्याची मर्यादा. ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर ०.३६ म्हणजे ०.३५५ ते ०.३६५ यांमधलं काहीही. त्यामुळं उत्तर १०.२ ते १०.५ मध्ये कुठंही असू शकतं. तांबं पकडायला एवढं पुरतं, पण ‘९५ टक्के की ९८’ हे ठरवायला ०.००१ ग्रॅमचा काटा लागतो. सेस्टर्शिअससारख्या जड नाण्याला ही अडचण येत नाही.

सराफाकडच्या क्ष-किरण यंत्रानं ‘चांदी ९८ टक्के’ असं सांगितलं म्हणून हुरळून जाऊ नका. ते यंत्र वरचा अगदी पातळ थर वाचतं. फुरे नाण्यावरचा पत्रा चांदीचाच असतो.

आजची ओतीव बनावट कोणत्या खुणांवरून कळते?

अस्सल रोमन नाणं दोन ठशांमध्ये तापलेली चकती ठेवून, हातोडा मारून पाडलेलं असतं. मारानं धातू कडेकडे सरकतो. म्हणून अक्षराची भिंत पृष्ठभागाला टेकते तिथं कोन टोकदार असतो, अक्षरांपासून कडेकडे जाणाऱ्या बारीक प्रवाहरेषा दिसतात आणि कडेला आत जाणाऱ्या चिरा पडतात. ओतीव नाण्यात धातू साच्यात भरलेला असतो. अक्षरांच्या मुळाशी गोलाई येते, जणू लोण्यावर लिहिलंय. पृष्ठभागावर गोल खळगे पडतात, ते आत अडकलेल्या हवेचे. आणि काही ठिकाणी बारीक उंचवटे, ते साच्यातल्या बुडबुड्यांचे.

खरा घोळ कडेला. साच्याचे दोन भाग जिथं जुळतात तिथं शिवण राहते आणि ती कानशीनं घासलेली असते. भिंगातून कडेवर एका दिशेच्या समांतर रेघा दिसल्या की शंभरातले नव्वद वेळा निकाल लागला. उरलेले दहा दागिन्यातून काढलेल्या अस्सल नाण्यांचे असतात, म्हणून कडेबरोबर वजनही जुळतंय का ते पाहा.

एकाच विक्रेत्याकडे दोन नाणी घेतलीत तर शेजारी ठेवा. हातानं पाडलेली दोन नाणी एकाच ठशाची असू शकतात, पण दोघांवरची छापाची जागा, कडेची चीर, झीज सारखी असू शकत नाही. दोन्हींच्या गालावर एकाच जागी एकच खळगा असेल तर दोन्ही एकाच साच्यातली.

आधुनिक यंत्रानं दाबून काढलेली बनावट हा सर्वात अवघड प्रकार. तिच्यात बुडबुडे नाहीत, शिवण नाही. खटकतं ते एवढंच: चकती फार गोल, पृष्ठभाग साबणासारखा गुळगुळीत, सगळीकडे झीज सारखीच. अशा नाण्याचा निकाल एका भिंगावर देऊ नये. त्याच ठशाची ज्ञात बनावट आहे का, हे तपासणारा माणूस लागतो.

चेहऱ्यावरून काळ ठरवायची सोपी युक्ती आहे का?

ढोबळ आहे. दाढी बघा: हेड्रियनपर्यंत (सत्ता ११७–१३८) सम्राट जवळपास सगळे तुळतुळीत, नीरोसारखा एखादा अपवाद. हेड्रियनपासून दाढी येते आणि दीर्घकाळ राहते. कॉन्स्टंटाइन पुन्हा दाढी काढतो आणि कपाळावर पानांऐवजी रत्नांची पट्टी येते. किरणांचा मुकुट असेल तर तो दुप्पट किमतीचं नाणं सांगतो. पितळेत डुपॉंडिअस, चांदीत अँटोनिनियानस.

मोठ्या पितळी-तांब्याच्या नाण्याच्या मागं ‘एस’ आणि ‘सी’ ही दोन ठळक अक्षरं म्हणजे सिनेटच्या ठरावानं. बारक्या तांब्याच्या नाण्यावर दोन शिपाई आणि मध्ये ध्वजदंड असेल तर दंड मोजा: दोन असतील तर ३३० ते ३३५, एक असेल तर त्यानंतरचं, आणि आकारानंही लहान.

नेमका प्रकार काढायला अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा ‘ऑक्रे’ हा मोफत संगणकीय संग्रह उत्तम. वाचता आलेली तीन-चार अक्षरं आणि मागचं चित्र टाकलं तरी यादी बरीच आवळून येते.

नाणं मळकट आहे. साफ करू?

नका करू. चिंच, लिंबू, रांगोळी, भांडी घासायची पावडर: आपल्या घरातल्या चांगल्या हेतूनं जितकी नाणी मेली, तितकी गंजानंही मेली नसतील. आम्ल हिरवा-तपकिरी थर खातं, त्याबरोबर त्या थरात टिकून असलेली अक्षरंही जातात. उरतो तो गुलाबी, खडबडीत तांब्याचा तुकडा. फार तर शुद्ध (डिस्टिल्ड) पाण्यात काही दिवस भिजवून, रोज पाणी बदलून, मऊ ब्रशनं सुटी माती काढा. मुलाम्याचं किंवा तडा गेलेलं नाणं तेवढंही नको.

तांब्यावर फिकट हिरवे, बोटाला लागणारे पावडरीसारखे ठिपके दिसले तर तो क्लोराइडचा रोग. ओलाव्यानं वाढतो, कोकणातल्या पावसाळ्यात तर डोळ्यांदेखत. ते नाणं बाकीच्यांपासून वेगळं करा, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डबीत ठेवा आणि संवर्धकाला दाखवा. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर हा मात्र रोग नाही, ते नाण्याचं संरक्षण आहे.

पीव्हीसीच्या मऊ पाकिटात ठेवू नका. काही वर्षांत चिकट हिरवा थर धरतो. पॉलिएस्टरची पाकिटं वापरा.

शेतात किंवा पाया खणताना नाणी मिळाली तर?

१८७८ चा गुप्तधन कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेल्या, दहा रुपयांहून जास्त किमतीच्या वस्तूची लेखी खबर जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. लपवलं तर सापडणाऱ्याचा हक्कही जातो. आणि कृपया साठा फोडून वाटून घेऊ नका. मडकं, मातीची खोली, नाण्यांची संख्या, कोणतं नाणं कशाला चिकटलं होतं, हे एकत्र असतं तेव्हाच त्यातून काळ निघतो. सुट्या नाण्याला किंमत मिळते, पण ते काही सांगत नाही.

शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावस्तू ठरतं. १९७२ च्या कायद्यानं ते खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही आणि पुरावस्तूंच्या धंद्याला परवाना लागतो. परदेशातल्या मराठी नातेवाइकाला भेट म्हणून पाठवायचा विचार असेल तर तो सोडून द्या.

इंग्लंड-वेल्समध्ये धातुशोधक घेऊन हिंडणाऱ्यांसाठी नियम वेगळा: एकाच ठिकाणची ३०० वर्षांहून जुनी, किमान १० टक्के सोनं-चांदी असलेली दोन नाणी, किंवा साध्या धातूची दहा नाणी मिळाली की १४ दिवसांत कळवणं बंधनकारक आहे.

जाणकाराला फोटो पाठवायचा आहे. कसा काढू?

फ्लॅश बंद. प्रकाश एकाच बाजूनं, घड्याळातल्या दहाच्या दिशेनं, तिरपा आणि कमी उंचीवरून आलेला हवा, म्हणजे उठाव कळतो. खिडकीजवळचा सकाळचा उजेड छान. नाण्याखाली राखाडी कागद, शेजारी मिलिमीटरची पट्टी. पुढची बाजू, मागची बाजू आणि कडेचे किमान दोन फोटो. कडेचा फोटो जवळपास कुणीच पाठवत नाही, आणि आम्ही पहिल्यांदा मागतो तो तोच. सोबत ग्रॅममध्ये वजन, व्यास, आणि पुढची बाजू सरळ धरून उभ्या अक्षावर फिरवल्यावर मागचं चित्र सरळ दिसतं, उलटं की तिरकं, एवढं लिहा.

प्रत्यक्ष पडताळून घ्यायचं असेल तर नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्र संशोधन संस्था आहे. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं आणि रिझर्व्ह बँकेचं नाण्यांचं दालन आहे. तिथं काचेआडची अस्सल नाणी आधी निवांत बघून या. मग आपल्या हातातल्याकडे पाहा.